नऊ नंबरची गाठ

चौदा मार्चला सकाळी पावणेअकरा वाजता कृतिका घरतला तो झोत पहिल्यांदा दिसला. ती तेव्हा नवघरच्या घरी, स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत लॅपटॉपसमोर बसली होती. आई शालन पलीकडे सुकट निवडत बसली होती. बाबा, म्हणजे शिवदास घरत, खाली गेटपाशी पाण्याच्या टँकरवाल्याशी हिंदीत भांडत होते.

पडद्यावर एक धुरकट डाग होता. डागाच्या एका बाजूने बारीक निळी रेघ निघाली होती, दुसऱ्या बाजूने तशीच लाल. दोन्ही रेघा एकाच सरळ ओळीत. कृतिकाने खुर्ची मागे सरकवली, उठून पाणी प्याली आणि परत येऊन बसली. रेघा तिथेच होत्या. तिने वहीत तारीख आणि वेळ लिहिली. ती सगळंच वहीत लिहायची.

घरतांची खाडीकडे पूर्वी मिठागरं होती, थोडी भातशेतीही होती. आता त्यातलं काही उरलं नव्हतं. जुन्या घराच्या जागी बिल्डिंग झाली होती आणि तिच्यात घरतांचे तीन फ्लॅट होते. त्या घरात बी.एस्सी.च्या पुढे गेलेली कृतिका पहिलीच. मुंबईतल्या एका मोठ्या संशोधन संस्थेत तिच्या पीएच.डी.चं पाचवं वर्ष चालू होतं, आणि ती जे करते ते लग्नकार्यात नातेवाइकांना समजावून सांगायचा नाद तिने केव्हाच सोडला होता.

ती काळे ढग बघायची. आकाशगंगेत वायू आणि धुळीचे असे काही ढग आहेत की त्यांच्यामागच्या ताऱ्यांचा उजेड त्यांच्यातून बाहेरच येत नाही. साध्या दुर्बिणीला ते दिसतात म्हणजे आकाशात भोक पडल्यासारखे दिसतात. आत इतकी थंडी असते की आपल्याकडचा बर्फ तिथे निखाऱ्यासारखा वाटावा. सूर्यापेक्षा दहापट, वीसपट जड असलेले तारे असल्याच ढगांत जन्मतात. ते कसे जन्मतात यावर मात्र गेली कित्येक वर्षं वाद चालू आहे. एक बाजू म्हणते की आधी ढगात वायूची एक भलीमोठी गाठ तयार होते, सगळं लागणारं सामान त्या गाठीत आधीच जमलेलं असतं, आणि मग ती अख्खी गाठ आत कोसळून तारा होतो. दुसरी बाजू म्हणते की सुरुवातीला तारा लहानच असतो, आणि ढगभरातून लांबलांबून वायूचे ओहोळ त्याच्याकडे वाहत येतात, त्यावर तो वाढत जातो. पहिल्या बाजूला आपलं म्हणणं सिद्ध करायचं तर एक तरी अशी गाठ दाखवायला हवी, जी प्रचंड जड आहे आणि जिच्यात अजून एकही तारा नाही.

अशी गाठ डॉ. यतीन सबनीसांनी बारा वर्षांपूर्वी दाखवली होती. पंधरा हजार प्रकाशवर्षांवरच्या एका ढगातली नऊ नंबरची गाठ. सूर्याच्या साठपट वस्तुमान, आत काळोख. त्या एका निबंधावर सबनीस जगभर ओळखले जाऊ लागले. ते कृतिकाचे गाईड होते.

झोताचा अर्थ साधा होता. तारा जन्मताना आजूबाजूचा वायू गोल फिरत त्याच्यावर पडतो आणि त्यातला थोडा दोन्ही टोकांनी बाहेर फेकला जातो. एका टोकाचा आपल्याकडे येतो, तो निळा दाखवायची पद्धत आहे. दुसऱ्या टोकाचा आपल्यापासून लांब जातो, तो लाल. झोत आहे म्हणजे आत तारा आहे. नऊ नंबरची गाठ रिकामी नव्हती. आत एक पोर कधीच जन्मलं होतं आणि ते खात होतं.

कृतिकाने दोन दिवस कोणाला काही सांगितलं नाही. चिलीच्या वाळवंटात उंच पठारावर डिशांची मोठी रांग आहे, त्यांच्यावर वेळ मागणारा अर्ज तिने स्वतः लिहिला होता. तो तिच्या नावाने मंजूर झाला होता. निरीक्षणं दोन वेगवेगळ्या दिवशी झाली होती. तिने दोन्ही दिवसांचा डेटा वेगळा केला. दोन्हींत झोत होता. मग तिने सिलिकॉन मोनॉक्साइडचा संकेत पाहिला. वेगवान वायू धुळीच्या कणांवर आदळतो तेव्हाच तो रेणू एवढा दिसतो. तोही त्याच रेघेवर होता. मग ती सरांकडे गेली.

सबनीसांनी चित्र पाहिलं, चष्मा काढला, परत घातला आणि नॉइज आहे, नुसती यंत्राची खरखर, म्हणाले.

ती पुन्हा पुन्हा समजावून सांगे. ते शांतपणे ऐकून घेत. ते कधीच आवाज चढवत नसत, आणि नंतर कृतिकाला त्याचाच जास्त राग येत असे. दर वेळी त्यांच्याकडे एक नवी तपासणी असे. अमुक पद्धतीने चित्र परत बनव. तमुक मानकाने वेग परत काढ. शेजारच्या आठ नंबरच्या गाठीचा उजेड इकडे सांडतोय का बघ. तिने सगळं केलं. एप्रिल गेला, जून गेला, गणपती आले आणि गेले. चित्राच्या अकरा आवृत्त्या झाल्या, प्रत्येक आवृत्ती तिने त्यांना मेलने पाठवली, प्रत्येकीत झोत होता. नोव्हेंबरमध्ये सर म्हणाले की थिसिसमधून नऊ नंबरची गाठ वगळ, बाकीच्या गाठींवर काम पुरेसं आहे, हे आपण तुझी डिग्री झाल्यावर सावकाश बघू.

तिने तो भाग काढला. सही त्यांची लागणार होती.

घरी तिने यातलं काही सांगितलं नव्हतं. फक्त अकराव्या आवृत्तीची एक प्रिंट काढून तिने ती आपल्या खोलीतल्या गोदरेजच्या कपाटावर चिकटवली होती. आई रोज केर काढताना ते चित्र बघायची. एकदा तिने विचारलं, ह्यो मासा हाय काय. कृतिका हसली आणि म्हणाली, तारा आहे, लहान आहे अजून.

डिसेंबरात नवघरच्या मंडळाने व्याख्यानाचा घाट घातला. मंडळाचे अध्यक्ष उत्तमकाका हे शिवदासचे लहानपणापासूनचे मित्र. आपली पोरगी एवढ्या मोठ्या माणसाच्या हाताखाली शिकते तर त्या माणसाला एकदा गावात आणू, असं दोघांच्या डोक्यात आलं. कृतिकाला ते नको होतं. पण बाबांनी तिच्या नकळत संस्थेत फोन लावला, सबनीसांशी स्वतः बोलले, आणि सबनीस आनंदाने हो म्हणाले. नाक्यावर फ्लेक्स लागला. त्यावर सरांचा मोठा फोटो आणि खाली कोपऱ्यात कृतिकाचा, ‘नवघरची कन्या’ असं लिहिलेला.

रविवारी सकाळी सबनीस आधी घरी आले. आईने तांदळाचे घावणे केले होते. त्यांनी चार खाल्ले, आणखी एक मागून घेतला. बाबांना मिठागराबद्दल विचारलं, मीठ नेमकं कधी धरतं, खाऱ्या पाण्याची कोंडी किती दिवस भरलेली ठेवायची, अगदी मन लावून. बाबा इतके खुश झाले की जिना उतरताना त्यांनी सरांचा हात धरला होता. कृतिकालाही क्षणभर वाटलं की माणूस वाईट नाही, जुनं चुकलं हे कबूल करायला जड जातंय इतकंच.

हॉल भरला होता. नवघरचे लोक होते, शेजारच्या इंद्रलोक वसाहतीतून आलेली, मुंबईतून इकडे राहायला आलेली ऑफिसवाली कुटुंबं होती, शेजारच्या बिल्डिंगमधल्या दोन गुजराती बायका आईच्या शेजारी बसल्या होत्या. पहिल्या रांगेत बाबा आणि उत्तमकाका, तिसऱ्या रांगेत कडेला कृतिका. तिच्या शेजारी नीरज. तो सबनीसांच्याच गटात पीएच.डी.नंतरच्या नोकरीवर होता, इंद्रलोकमध्ये भाड्याने राहायचा.

सबनीस सुंदर बोलले. ढग समजावून सांगितले, थंडी समजावून सांगितली, लोकांना दोनदा हसवलं. मग पडद्यावर नऊ नंबरची गाठ आली.

ते म्हणाले की बारा वर्षं मी जगाला सांगत आलो, इथे तारा नाही. लोकांनी मान्य केलं, बक्षिसंही दिली. पण शास्त्रज्ञाने स्वतःवर सर्वांत जास्त संशय घ्यायचा असतो. माझ्या मनात शंका आली. मी परत बघायचं ठरवलं. आणि मग, ते म्हणाले, मला हे दिसलं.

पडद्यावर निळी रेघ आणि लाल रेघ आली.

ते चित्र कृतिकाचं होतं. अकरावी आवृत्ती. अंतराची मोजपट्टी डावीकडे वर होती, कारण उजवीकडे आठ नंबरची गाठ येत होती म्हणून तिनेच ती तिकडे हलवली होती. खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत तिचं नाव आणि तारीख असायची. चित्र तेवढ्यापुरतं खालून कापलं होतं.

सबनीस सांगत होते की स्वतःचीच चूक जगासमोर मांडणारा निबंध लवकरच येतोय, आणि हे सांगताना त्यांना जराही लाज वाटत नाही, कारण विज्ञान असंच पुढे जातं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. उत्तमकाका तर उठून उभे राहून वाजवत होते.

बायकांच्या बाजूने आईचा आवाज आला. ती शेजारणीला सांगत होती, पण टाळ्या थांबल्या तेव्हाच ते वाक्य पडलं आणि सगळ्या हॉलने ऐकलं.

“ह्यो त आमच्या कपाटावरचा फोटू हाय.”

दोघंचौघं हसले. सबनीसही हसले. कृतिकाने नीरजकडे पाहिलं. तो मोबाईलकडे बघत होता, आणि मोबाईलचा पडदा बंद होता. म्हणजे त्याला माहीत होतं.

तिने दोन्ही हात समोरच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवले. उत्तमकाकांनी कोणाला प्रश्न विचारायचे आहेत का म्हटलं, आणि ती उभी राहिली.

“सर, हा झोत पहिल्यांदा कोणत्या तारखेला दिसला?”

सबनीस म्हणाले की तारीख आता नेमकी आठवत नाही, हे टीमचं काम असतं, आणि कृतिका आपल्या टीममध्ये आहे याचा अभिमान वाटतो. परत टाळ्या.

“चौदा मार्च,” ती म्हणाली. “मला दिसला. ह्याच गल्लीत, माझ्या घरी. मी तुम्हाला दाखवला तेव्हा तुम्ही नॉइज म्हणालात. आठ महिने नॉइज म्हणालात. मागच्या महिन्यात मला तो थिसिसमधून काढायला लावलात.”

“आपण हे ऑफिसात बोलू, कृतिका.”

“ऑफिसात मी आठ महिने बोलले. ह्या चित्राच्या खाली माझं नाव होतं. ते कापलंय. ह्या लोकांना न कापलेलं चित्र दाखवा.”

मग पहिल्या रांगेतून बाबा उठले. त्यांनी तिच्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही.

“पोरी, बस खाली,” ते म्हणाले.

ती बसली नाही. ती उभीच राहिली आणि उभ्या उभ्या तिने पुढचं सगळं बघितलं. उत्तमकाकांनी घाईघाईने आभार मानले. शाल आणि श्रीफळ आणलं होतं. ते बाबांच्या हस्ते द्यायचं ठरलं होतं, आणि बाबांनी दिलं. सबनीसांच्या खांद्यावर शाल नीट बसावी म्हणून त्यांनी ती मागून सारखी केली.

त्या दिवशी घरी फार बोलणं झालंच नाही. बाबा एवढंच म्हणाले की घरात खाऊ घातलेल्या पाहुण्याला चार माणसांत उघडं पाडलंस, आता मी नाक्यावर उभा कसा राहू. कृतिका म्हणाली, चोर घावणे खाऊन गेला म्हणून चोर राहत नाही का. बाबा ताटावरून उठले. पुढचे कित्येक महिने ते तिच्याशी कामापुरतं बोलत होते, तेही आईकरवी. तिला सांग, गॅसवाला येणार हाय. तिला विचार, लाईटबिल भरला काय.

जानेवारीत तिने संस्थेकडे लेखी तक्रार केली. वही जोडली, अकरा मेल जोडले, दुर्बिणीच्या वेळेचा अर्ज जोडला. तिघांची समिती बसली. समितीतले दोघं सबनीसांचे वीस वर्षांचे मित्र होते. त्यांनी तिला पहिला प्रश्न झोताबद्दल विचारलाच नाही. सार्वजनिक ठिकाणी असं बोलणं तुम्हाला योग्य वाटतं का, असं विचारलं. मग सबनीसांचं म्हणणं वाचून दाखवलं: त्यांना ही शंका आधीपासून होती, विद्यार्थिनीला तपासण्या करायला त्यांनीच लावल्या, तिने त्या चोख केल्या, निष्कर्ष मात्र मार्गदर्शकाचा. कृतिका ऐकत राहिली. आठ महिने ज्या तपासण्यांनी तिला दाबून धरलं, त्याच आता त्यांच्या संशयाचा पुरावा झाल्या होत्या. हे फार सफाईदार होतं.

समितीने नीरजला बोलावलं. चौदा मार्चच्या त्याच आठवड्यात कृतिकाने त्यालाही चित्र दाखवलं होतं, आणि तो उडालाच होता, अगं हे खरं आहे, म्हणाला होता. समितीसमोर तो म्हणाला की त्याला नीटसं आठवत नाही. त्याच्या नोकरीची मुदत मार्चमध्ये वाढायची होती.

दोन दिवसांनी इंद्रलोकच्या भाजीवाल्यापाशी तो तिला भेटला. मेथीची जुडी हातात धरून सॉरी म्हणाला. घरी बायको आहे, मुलगी लहान आहे, तू समजून घे.

“सॉरी मला नको,” कृतिका म्हणाली. “समितीला सांग. ते खोली नंबर चारमध्ये बसतात.”

तिने पालक घेतला आणि निघाली. वाटेत तिला कळलं की सबनीसांपेक्षा नीरजचा राग जास्त येतोय. सबनीसांना आपण काही चुकीचं केलं असं कदाचित आता वाटतच नसेल. ते स्वतःलाच ती शंकेची गोष्ट इतक्यांदा सांगून बसले असतील की त्यांना ती आठवणच वाटत असेल. नीरजला तर सगळं ठाऊक होतं.

समितीने तडजोड सुचवली. निबंधात तिचं नाव तिसरं घालावं, तक्रार मागे घ्यावी. तिने नाही म्हणून लिहून दिलं. त्यानंतर आठवड्याभरात सबनीसांनी तिचा गाईड राहायला नकार दिला.

फेब्रुवारीत निबंध आला. पहिलं नाव सबनीस, दुसरं नीरज. शेवटी आभारांत एक ओळ होती: आकृत्या तयार करण्यात कृतिका घरत यांनी मदत केली.

ही ओळ वाचली तेव्हा ती संस्थेच्या ग्रंथालयात होती. ती बाहेर पॅसेजमध्ये आली आणि भिंतीवर तिने उघड्या हाताने तीन-चारदा मारलं. तळहात सुजला. आकृत्या तयार करण्यात मदत. जणू ती स्केचपेनने रंग भरत होती.

तिला घेणारा गाईड शोधायला दोन महिने गेले. दोघांनी फोनच उचलले नाहीत. एकाने फार सहानुभूती दाखवली आणि मग मेलला उत्तर दिलं नाही. शेवटी डॉ. मृणालिनी पोतनीस हो म्हणाल्या. त्या निवृत्तीला आल्या होत्या, सूर्यावर काम करायच्या, ढगांचं त्यांना फारसं कळत नव्हतं आणि ते त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं. त्यांनी दिलासा वगैरे काही दिला नाही. म्हणाल्या, तुझं एक वर्ष जाईल, या क्षेत्रात तुला नोकरी देणाऱ्या निम्म्या लोकांना सबनीस फोन करेल, आणि तू बरोबर आहेस याने त्यात काही फरक पडणार नाही. तरी लिहायचंय का?

कृतिका म्हणाली, लिहायचंय.

तिने लिहिलं. सबनीसांच्या निबंधात झोत आहे एवढंच होतं. त्यांनी तिचं चित्र उचललं, पण त्या चित्रामागचे आकडे त्यांच्याकडे नव्हते, म्हणून ते तिथेच थांबले होते. कृतिका पुढे गेली. झोत किती जुना हे तिने त्याच्या लांबीवरून आणि वेगावरून काढलं: हजारभर वर्षं, म्हणजे ढगाच्या आयुष्यात पापणी लवावी तेवढी. आतला तारा अजून सूर्याएवढाच होता. आणि गाठीला दोन बाजूंनी येऊन मिळणारे वायूचे लांब ओहोळ तिने मोजले. त्यांच्यातून दर काही हजार वर्षांनी एका सूर्याएवढं सामान आत येत होतं. गाठीत सगळं आधीच जमलेलं नव्हतं, ते अजून येत होतं. रागात माणूस चुका करतो असं तिला सगळे सांगत होते, म्हणून तिने प्रत्येक आकडा तीनदा काढला. राग तसाच होता, आकडेही तसेच राहिले.

त्याच वेळी तिने सबनीसांचा निबंध छापणाऱ्या नियतकालिकाच्या संपादकांना पत्र लिहिलं. दुर्बिणीच्या नोंदी कोणालाही बघता येतात, त्यात अर्ज कोणाचा, डेटा कोणी कधी उतरवून घेतला, सगळं होतं. तिने भाषण केलं नाही, तारखा पाठवल्या. तीन महिन्यांनी, जुलैत, नियतकालिकात दोन ओळींची दुरुस्ती आली. हा झोत सर्वप्रथम कृतिका घरत यांनी ओळखला होता, हे मूळ निबंधात नमूद करायचं राहून गेलं. राहून गेलं, एवढंच. निबंध लोकांनी वाचला होता, दुरुस्ती कोण वाचतं? वर्षभरात त्या झोताचा उल्लेख जिथे जिथे झाला, तिथे बहुतेक ठिकाणी सबनीसांचंच नाव होतं. तिचा निबंध सप्टेंबरात आला. चांगला म्हणाले लोक. सबनीसांच्या कामाला पुढे नेणारा, असंही म्हणाले.

पुढच्या जानेवारीत तिची तोंडी परीक्षा होती. ती सर्वांसाठी खुली असते. आईबाबा दोघंही आले. बाबा येतील असं तिला वाटलं नव्हतं. ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून मागच्या रांगेत बसले. सबनीसही आले, मधल्या रांगेत.

तिने पाऊण तास मांडणी केली. प्रश्नांच्या वेळी सबनीसांनी हात वर केला. हा झोत याच गाठीतला कशावरून, मागे लपलेल्या दुसऱ्या एखाद्या ताऱ्याचा असला तर? प्रश्न चांगला होता. कृतिकाला तेच असह्य झालं, की माणूस अजूनही चांगला प्रश्न विचारू शकतो. तिने उत्तर दिलं. झोताचा मधला बिंदू आणि गाठीचा सर्वांत दाट बिंदू एकावर एक येतात, वेगाचा मध्यही जुळतो, योगायोगाची शक्यता हजारात एक. सबनीसांनी मान हलवली आणि बरोबर म्हणाले. तिला जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. तोंडात कडू चव होती, ती तशीच राहिली.

बाहेर चहा होता. सबनीस कप घेऊन थेट बाबांकडे गेले, नमस्कार केला, आईला त्या घाईतही घावण्यांची आठवण सांगितली. मग म्हणाले, “मुलगी फार हुशार आहे, घरतसाहेब. जरा रागीट आहे, एवढंच.”

कृतिका दोन पावलांवर होती. बाबांनी कप बशीत ठेवला.

“राग बरोबर हाय तिचा,” ते म्हणाले. “तुम्ही तिचा नाव घेवाला पायजे होता.”

सबनीस थोडं हसले, अर्थातच म्हणाले आणि दुसऱ्या कोणाशी तरी बोलायला वळले. आईने बाबांच्या शर्टाच्या बाहीला हात लावला.

परतताना त्यांनी टॅक्सी केली. दहिसर चेकनाक्याला गाडी अडकली, अर्धा तास हलेना. कृतिका पुढे बसली होती. तिला बाबांचं ते वाक्य आवडलं होतं, आणि त्याचाच राग येत होता. शेवटी तिने मागे न बघताच विचारलं.

“हे त्या दिवशी हॉलमध्ये का नाही बोललात?”

बाबांनी काच खाली केली. मग म्हणाले, “तवा मना समजलाच न्हाय, तो फोटू कशाचा हाय ते. तू घरात कवा सांगितलास?”

“तुम्ही कधी विचारलंत?”

“न्हाय विचारला,” बाबा म्हणाले. “आता सांग.”

ती सांगायला लागली. तिच्या आवाजात अजून धार होती आणि ती लपवायची तिची इच्छा नव्हती. काळा ढग कसा असतो, गाठ म्हणजे काय, लहानसा तारा आत बसून सगळीकडून येणारा वायू कसा घेत राहतो, आणि एवढा मोठा होतो की शेवटी त्याच्या उजेडाने आणि वाऱ्याने तो ढगच फुटून उडून जातो.

“म्हणजे तुझा सर,” बाबा म्हणाले.

“नाही,” ती फटकन म्हणाली. “ताऱ्याला माणसाचं लावू नका. तारा कोणाचं नाव कापत नाही. तो वायू आहे.”

बाबांनी ते मान्य केलं. गाडी हलली. काशिमिऱ्यापर्यंत ते बाहेर बघत होते, आई झोपली होती. मग त्यांनी विचारलं की असा एक तरी ढग असेल का, जिथं गाठ हाय आणि आत अजून खरंच काही न्हाय.

कृतिकाने या वेळी मान वळवून मागे पाहिलं. नव्या अर्जात तिने वीस गाठींसाठी दुर्बिणीचा वेळ मागितला होता, वीसही गाठी रिकाम्या म्हणून जगभर मानल्या गेलेल्या. पहिल्या चारचा डेटा आला होता. त्यातल्या तीन गाठींत झोत होता, चौथीचं नक्की सांगता येत नव्हतं.

“माहीत नाही,” ती म्हणाली. “सोळा बघायच्या राहिल्यात.”